नोकरी देणारा पैसे मागत नसतो

दिवाळीच्या सुट्टीनंतर हॉस्टेलवर परत आलो तर माझा रूममेट भलताच खुशीत होता. विचारलं तर त्याने मोबाइलच पुढे केला. बँकॉकच्या शाळेचं ऑफर लेटर! काम इंग्रजी शिकवायचं, पगार महिन्याला लाखभर, राहणं-खाणं फुकट, अनुभवाची अट नाही. मुलाखत व्हॉट्सअ‍ॅपवर झाली होती, तीही दहा मिनिटांत. "फक्त प्रोसेसिंग फी भरायची राहिली, दीड लाख. अण्णा म्हणलेत, सोयाबीन विकून देतो."

आता आमचा हा भाऊ कंधार तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी मीडियम. फर्स्ट इयरच्या व्हायव्हामध्ये उत्तर येत असूनही इंग्रजीच्या भीतीने गप्प बसायचा. त्याला कोणी इंग्रजी शिकवायला परदेशात बोलावतंय म्हटल्यावर मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा शंका आली. शाळेचा पत्ता नाही, मुख्याध्यापकाचं नाव नाही. आमची डिग्री अजून हातात नाही, तरी ती कोणी मागितलेली नाही. आणि शेवटी एक ओळ होती : आधी टुरिस्ट म्हणून या, वर्क परमिटचं नंतर बघू.

मित्रांनो, याच "नंतर बघू" मध्ये सगळी गोम आहे. थायलंडमध्ये पर्यटक म्हणून जाऊन नोकरी करता येत नाही. शिक्षकाला कामाचा वेगळा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. बिनकागदाचा माणूस मालकाच्या मुठीत जातो, कारण तक्रार करायला गेला तर पहिला गुन्हेगार तोच ठरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडच्या खोट्या नोकऱ्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. गळाला लागत होती कॉम्प्युटर येणारी, शिकलेली पोरं. नोकरी सांगायची थायलंडची आणि न्यायचं सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीच्या भागात, ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना तिथून परत आणावं लागलं. त्या नोकऱ्या शिकवण्याच्या नव्हत्या हे खरं, पण आमिष हेच होतं : मोठा पगार, झटपट मुलाखत, आणि कागद नंतर.

काही जण म्हणतील, मग काय नांदेड-लातूरच्या पोरांनी बाहेर जायचंच नाही का? जरूर जावं! माझं म्हणणं एवढंच आहे की खरी वाट लांब आहे, आणि जो ती दहा मिनिटांची सांगतो तो फसवतोय.

आधी एक कडू गोष्ट. या धंद्यात तुमच्या इंग्रजीआधी तुमचा पासपोर्ट बघतात. दक्षिण कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुख्यतः ७ देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० मध्ये लागू झालेल्या व्यापार करारामुळे भारतीयांसाठी एक दार किलकिलं झालं, पण तिथेही इंग्रजी विषयाची पदवी आणि शिक्षकाची पात्रता लागते. हा अन्याय आहे का? माझ्या मते आहे. पण तो माहीत नसणं जास्त महागात पडतं.

सर्टिफिकेटचंही तसंच. केंब्रिजच्या सेल्टा कोर्सला किमान १२० तास लागतात आणि त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना, परीक्षकासमोर शिकवावं लागतं. घरबसल्या मिळणाऱ्या स्वस्त ऑनलाइन सर्टिफिकेटवरही "१२० तास" छापलेलं असतं, फक्त समोर वर्ग नसतो.

आपल्यासाठी त्यापेक्षा जवळची वाट म्हणजे इंग्रजी शिकवण्याऐवजी इंग्रजीतून शिकवणं. आखाती देशांत सीबीएसईच्या पुष्कळ शाळा आहेत. मालदीवमध्येही भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. तिथे गणित-विज्ञान शिकवायला साधारणपणे बी.एड. लागतं, आणि ५५ टक्के मिळवणाऱ्या इंजिनिअरला गणित-विज्ञानाच्या आधारावर बी.एड.ला प्रवेश घेता येतो. हे आपल्याला कोणी सांगत नाही.

आता पैशाचं. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर कोणालाही बघता येते. असा एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. दीड लाख कुठल्या हिशोबात बसतात? आणि खुद्द शाळेने नोकरीसाठी पैसे मागितले तर विषयच संपला.

यात एक गंमत आहे. दहावी पास माणसाच्या पासपोर्टला परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागत नाही. म्हणजे आखातात जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुराचा करार कोणीतरी तपासतं, आपला कोणी तपासत नाही. शिकलेल्याला आपलं आपण कळतं असं गृहीत धरलंय. कळतं का आपल्याला?

म्हणून मला वाटतं, हे काम कॉलेजनेच हाती घ्यावं. प्लेसमेंट सेलने परदेशी ऑफर लेटर तपासायला आठवड्यातला एक तास ठेवावा. सरांना विनंती, पोरगं असं पत्र घेऊन आलं तर हसू नका. हसलात की ते पुढच्या वेळी गुपचूप पैसे भरतं. आणि आपणही शाळेचा नंबर स्वतः शोधून फोन लावावा, तिथे नोकरी करणाऱ्या एखाद्या भारतीय शिक्षकाशी बोलावं, आणि कामाचा व्हिसा हातात पडल्याशिवाय बॅग भरू नये.

अनुभवासाठी तर बँकॉकला जायची गरजच नाही. दरवर्षी फर्स्ट इयरला मराठी मीडियमची पोरं येतात आणि मेसमध्ये कोपऱ्यात बसून जेवतात. त्यांना शिकवा की!

रूममेटने त्या साहेबांना इतकंच विचारलं, "सर, आधी वर्क परमिटचे कागद पाठवता का?" दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर ब्लॉक झाला. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. आता दर रविवारी टीव्ही रूममध्ये बारा-पंधरा ज्युनियर्सना इंग्रजी बोलायला शिकवतो, आणि लई भारी शिकवतो. अण्णांचं सोयाबीन अजून घरातच आहे, भाव वाढायची वाट बघत.