पैसे दिले की गुन्हा माफ? तडजोडीत सुटतो कोण, अडकतो कोण

द्राक्षाच्या हंगामात आमच्या भागात हे नेहमीचंच झालंय. बाहेरचा व्यापारी येतो. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो. विश्वास बसला की उधारीवर माल उचलतो आणि एक दिवस फोन बंद. मग पोलीस ठाणे, फसवणुकीचा गुन्हा आणि काही महिन्यांनी दारात मध्यस्थ. "दादा, केस लय वर्षं चालंल. मिळंल ते घ्या आन् मोकळे व्हा."

चार वर्षांपूर्वी मीही असाच मोकळा झालो. दोन लाख चाळीस हजार येणं होतं, दीड लाखावर सही केली. सोसायटीचं कर्ज थकलं होतं, पोरीची फी भरायची होती. त्यामुळे तडजोड करणाऱ्या शेतकऱ्याला मी नावं ठेवणार नाही. प्रश्न वेगळा आहे. माझी सही झाली म्हणून त्याचा गुन्हा मिटावा का?

हाच प्रश्न दिल्लीतही गाजला. स्टर्लिंग बायोटेकचे संदेसरा बंधू बँकांना फसवून परदेशात पळाल्याचा आरोप आहे. सीबीआयच्या गुन्ह्यात रक्कम होती सुमारे 5,383 कोटी. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की 17 डिसेंबरपर्यंत 5,100 कोटी भरा, फौजदारी कारवाया रद्द होतील. हा निकाल इतरांना दाखला म्हणून वापरता येणार नाही, असंही न्यायालयाने स्पष्ट केलं. पण गावच्या पारावर लोकांनी अर्थ काढला तो एवढाच : पैसा असला की सुटका.

याच न्यायालयाने आधी वेगळी भूमिकाही घेतली आहे. 2014 साली महाराष्ट्रातल्या एका बँक फसवणुकीत बँकेचे पैसे फिटले म्हणून उच्च न्यायालयाने खटला रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. असा गुन्हा फक्त बँक आणि कर्जदार यांच्यातला नसतो, समाजाचाही असतो, हे त्यामागचं कारण.

आता आपल्या कामाचं. जुन्या कायद्यातली 420 म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4). शिक्षा सात वर्षांपर्यंत. यात फसवला गेलेला माणूस तडजोड करू शकतो, पण न्यायालयाच्या परवानगीनेच. आणि परवानगी मिळाली की आरोपी निर्दोष सुटला असंच धरलं जातं. म्हणजे तोच व्यापारी पुढच्या हंगामात शेजारच्या तालुक्यात जातो, तेव्हा त्याची पाटी कोरी असते.

हिशोब बघा. दहा शेतकऱ्यांना बुडवलं, चौघांनी तक्रार केली, त्या चौघांना निम्मे दिले. उरलेलं सगळं नफ्यात. मग फसवणूक हा धंदाच झाला की!

ठेवी बुडवणाऱ्या संस्थांसाठी राज्यात 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, ज्याला आपण एमपीआयडी म्हणतो. त्यात मालमत्ता जप्त होते, विकली जाते आणि विशेष न्यायालयामार्फत पैसे ठेवीदारांत वाटले जातात. वेळ फार लागतो, हे खरंच. पण ओरडणाऱ्या चार जणांना गुपचूप पैसे देऊन बाकीच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाऱ्यावर सोडणं, ही तडजोड नव्हे.

माझं मत सरळ आहे. एकाच माणसाचा व्यवहार असेल आणि पूर्ण पैसे मिळत असतील, तर तडजोड होऊ द्या. शेतकऱ्याला तारखा नकोत, पैसे हवेत. पण अनेकांना फसवलं असेल, किंवा आधीही असे गुन्हे असतील, तर पैसेही वसूल व्हावेत आणि खटलाही चालावा. पैसे परत केले याचा विचार शिक्षा देताना करता येईल. खटले वेळेत संपवणं हे सरकारचं काम. ते होत नाही म्हणून तर आपण निम्म्यावर सही करतो.

आणि सही करायची वेळ आलीच, तर तीन गोष्टी पाळा. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय कागदावर सही नको. प्रतिज्ञापत्र वकिलाकडून वाचून घ्या. आणि न्यायाधीशांनी विचारलं तर किती मिळाले, किती बुडाले, आणखी कोण फसलंय, ते खरं सांगा. मी तेव्हा गप्प बसलो होतो. पुढच्या वर्षी तोच माणूस दुसऱ्या गावात माल उचलत होता.