आग्रा रोड कोणाचा?

शीव ते ठाणे रस्त्याला लालबहादूर शास्त्रींचे नाव लागले, तरी घाटकोपर-भांडुपची जुनी माणसे त्याला आग्रा रोडच म्हणतात. हाच रस्ता पुढे कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर करीत सातपुड्यात शिरतो. सेंधवा, महू, इंदूर, देवास, शिवपुरी, ग्वाल्हेर मागे टाकून, राजस्थानातील धोलपूर ओलांडून तो आग्र्याला पोहोचतो. चार राज्ये, अकराशेहून अधिक किलोमीटर. 'राष्ट्रीय महामार्ग ३' ही त्याची ओळख २०१० च्या नव्या क्रमवारीत गेली. तो आकडा आता पंजाबातून लेहला जाणाऱ्या रस्त्याला आहे.

हा रस्ता इंग्रजांनी बांधला तो फौज, टपाल आणि माल नेण्यासाठी. सेंधवा घाटाची राखण त्यांनी खाज्या नाईक या भिल्ल नायकाकडे दिली. १८५७ साली तोच राखणदार उलटला आणि त्याने सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली, पकडलेल्या भिल्लांना गोळ्या घालण्यात आल्या. पाठ्यपुस्तकांतल्या १८५७ मध्ये तात्या टोपे असतात. खाज्या नाईक किती पुस्तकांत आहेत?

याच रस्त्यावरची महू ही १८१८ ची लष्करी छावणी. तेथे सुभेदार रामजींच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब जन्मले. तेच बाबासाहेब १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून धुळ्याकडे गेले. परतताना ते चाळीसगावला उतरले, तेव्हा अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. शेवटी वस्तीतल्याच एका नवख्या माणसाने लगाम धरला, टांगा पुलावर उलटला आणि बाबासाहेब जबर जखमी झाले. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाची ही गत!

आज वाहन कोणालाही मिळते, खिशात पैसे असले म्हणजे झाले. ज्यांच्या खिशात नव्हते ते मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आले. त्यांत बहुसंख्य आदिवासी होते आणि मागणी होती कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काची. दहावीच्या मुलांची परीक्षा बिघडू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. सोललेल्या तळपायांची छायाचित्रे आमच्या वाचकांना आठवत असतील.

पुढे २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-भिवंडी-नाशिकचे मजूर याच रस्त्याने उत्तरेकडे निघाले. मे महिन्याच्या उन्हात बिजासन घाटात, दोन राज्यांच्या सीमेवर, हजारो माणसे अडकली. पाणी पाजले ते बहुधा रस्त्याकाठच्या गावांनी आणि कार्यकर्त्यांनी. चौपदरी रस्त्याच्या आखणीत चालणाऱ्या माणसाचा विचारच नव्हता, आजही तो फारसा दिसत नाही. सरकार म्हणेल, पायी चालणे हा अपवाद. आम्ही म्हणतो, काठच्या वस्त्यांतून रोज शाळेला, शेताला, दवाखान्यात जाणाऱ्यांनी हा रस्ता ओलांडायचा कुठून? दुभाजकावरून उड्या मारून?

घोटी, पिंपळगाव बसवंत, शिरपूर येथे टोल भरला जातो. त्या पैशातून सावली, पाणी, पादचारी पूल आणि वस्तीपाशी भुयारी मार्ग किती झाले, याचा गाववार हिशेब आमच्या आमदार-खासदारांनी सभागृहात मागावा. येत्या १४ एप्रिलला या रस्त्याने महूला जाणाऱ्या वाचकांनीही कसारा ते सेंधवा रस्त्याच्या कडेला नजर ठेवावी आणि जे दिसेल ते आम्हाला कळवावे. आम्ही ते छापू.