बिबट्या, बकऱ्या आणि आमदारसाहेब

डिसेंबर २०२५ मध्ये नागपूर अधिवेशनाच्या वेळी वनमंत्री गणेश नाईक म्हणाले, बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेल्यावर कोटभर रुपये भरपाई देण्यापेक्षा तेवढ्या पैशांच्या शेळ्या जंगलात सोडा. आमच्या कॅम्प तीनमध्ये हसाहस झाली. बकऱ्याचा भाव आम्हाला बकरी ईदमुळे तोंडपाठ!

मला मात्र हसू आलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या कल्याण पूर्वेत एका इमारतीत बिबट्या शिरला, माणसं जखमी झाली. तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली संध्याकाळी शिकवणीला जायला घाबरत होत्या.

नाईकसाहेब नवखे नाहीत. कामगार चळवळीतून आले, १९९५ च्या युती सरकारात मंत्री झाले. पुढे राष्ट्रवादी, २०१४ मध्ये बेलापुरात पराभव, २०१९ मध्ये भाजप, आणि डिसेंबर २०२४ पासून वनखातं. जनता दरबार भरवून लोकांचं ऐकायचं, ही त्यांची ताकद.

आमदाराच्या हाती वन्यजीव गेले, यात गैर काही नाही. कायद्यानेच राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री आणि उपाध्यक्ष वनमंत्री असतात. पण त्याच कलमात तीन आमदारांसोबत दहा जाणकारही सांगितलेत, त्यांत किमान दोन आदिवासी. म्हणजे खुर्ची लोकप्रतिनिधीची, पण बोलण्याआधी जाणत्याला विचारायचं.

जाणते काय सांगतात? जुन्नरचे कितीतरी बिबटे उसातच जन्मतात, उसातच वाढतात. जंगलात सोडलेल्या शेळीचा त्यांना काय उपयोग? उलट त्या शेळ्या रोपं खाणार. २००१ नंतर तिथले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा हल्ले कमी न होता वाढले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात हे आलेलं आहे.

आपल्याकडे उलट्या वाटेने गेलेली माणसंही आहेत. सलीम अली आयुष्यभर पक्ष्यांमागे फिरले आणि १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. हुमायून अब्दुलअली मुळात पक्षी अभ्यासक, पण मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. आधी इल्म, मग अधिकार.

प्रत्येक मंत्र्याने पक्षीशास्त्र शिकावं असं माझं म्हणणं नाही. मागणी साधी आहे. जनता दरबारात गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याशेजारी एक खुर्ची अभ्यासकालाही द्या. बिबट्याला पक्ष बदलता येत नाही. त्याच्या वाटेवर राहणाऱ्या गरिबाला घरही बदलता येत नाही.