जुन्या मोटारीची खातेवही

चालती पेढी विकत घ्यावयाची असेल तर जाणता व्यापारी प्रथम वह्या मागतो. शोकेसमधील माल तो नंतर पाहतो. येणे किती, देणे किती आणि कोणते देणे वर्षानुवर्षे पुढे ओढले गेले आहे, हे समजल्याशिवाय तो आकडा बोलत नाही. जुनी मोटार घेणाऱ्याने आणि घरी सांभाळणाऱ्याने हीच दृष्टी ठेवावी, असे या लेखात सुचवावयाचे आहे.

शिक्षण, नोकरी अथवा व्यापार यांच्या निमित्ताने अमेरिकेत किंवा युरोपात राहिलेल्या तरुणांना तेथील एक छंद लवकरच परिचयाचा होतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची दोन दारांची स्पोर्ट्स मोटार, जिला तिकडे ‘कूपे’ म्हणतात, ती स्वस्तात घ्यावयाची आणि सुटीच्या दिवशी घराच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने दुरुस्त करावयाची. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार सामान्यतः आयात करता येत नाही, त्यामुळे हा छंद मुख्यतः तिकडचाच राहिला आहे. मुलाने अशी गाडी घेतली की इकडे आईवडिलांच्या मनात दोन प्रश्न येतात. पैसा पाण्यात तर जाणार नाही ना? आणि गाडीखाली काम करताना जिवाला काही अपाय तर होणार नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे एका प्रत्यक्ष गाडीच्या उदाहरणाने पाहू.

पोर्शे ९४४ ही जर्मन कूपे १९८२ ते १९९१ या काळात विकली गेली. एकूण १ लाख ६० हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतील बहुतेक नेकरझुल्म येथील आउडीच्या कारखान्यात जोडलेल्या होत्या. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असल्यामुळे वजन दोन्ही आसांवर जवळजवळ सारखे पडते. वळणावर ही गाडी विश्वासाने चालविता येते ती त्यामुळेच. तिचे २,४७९ घनसेंटिमीटरचे इंजिन चारच सिलिंडरांचे आहे. एवढे मोठे चार सिलिंडरांचे इंजिन स्वभावतः थरथरते. ती थरथर शमविण्यासाठी दोन संतुलक दांडे बसविले आहेत. हे दांडे क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने फिरतात आणि त्यांचे तंत्र पोर्शेने मित्सुबिशीकडून परवान्याने घेतले होते. याच कंपनीच्या इतर गाड्यांच्या मानाने ९४४ दीर्घकाळ स्वस्त मिळत आली, म्हणून नवख्या शौकिनांची पावले तिच्याकडे वळतात. खरेदीची किंमत कमी असली, तरी गाडीच्या नावावर जमलेले देणे त्या किमतीत दिसत नाही.

पहिले देणे : टायमिंग बेल्ट

या इंजिनात कॅमशाफ्ट फिरविण्याचे काम एक दातेरी रबरी पट्टा करतो. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो, तर क्रँकशाफ्ट पिस्टन वर-खाली करतो. दोघांची वेळ जुळविणारा दुवा म्हणजे हा टायमिंग बेल्ट. ९४४ मध्ये उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांना एकाच वेळी पुरेल एवढी जागा नसते. पट्टा तुटला अथवा त्याचे दात घसरले, तर वेगात वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, सिलिंडर हेड उतरवावे लागते आणि पुष्कळदा दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्याही पुढे जातो. पट्टा तुटण्यापूर्वी आवाज येतोच असे नाही. सकाळपर्यंत उत्तम चाललेली गाडी दुपारी भंगारात जाऊ शकते.

संतुलक दांड्यांसाठी दुसरा, वेगळा पट्टा आहे. तो तुटला तर इंजिन लगेच बिघडत नाही, परंतु त्याचे तुकडे टायमिंग बेल्टमध्ये अडकले तर परिणाम तोच होतो. म्हणून दोन्ही पट्टे एकत्र बदलतात. जाणकारांची रूढ शिफारस साधारण ४५ ते ५० हजार किलोमीटर अथवा ३ ते ४ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी आहे. गाडी उभी असली तरी रबर जुने होतच असते, म्हणून ‘फार चालविलेलीच नाही’ हे विक्रेत्याचे म्हणणे येथे उपयोगाचे नाही. वॉटर पंप याच पट्ट्याने फिरतो. पंपाचे बेअरिंग अडकले तर नवा पट्टाही वाया जातो, म्हणून पंपाची तपासणी त्याच वेळी करावी. पुढील ऑइल सील गळत असतील तर तेही बदलावेत, कारण तेलाने रबर फुगते आणि लवकर कुजते. नवा पट्टा बसविल्यानंतर सुमारे ३,००० किलोमीटरांनी त्याचा ताण पुन्हा तपासावा लागतो. ताण कमी राहिला तर दात घसरतात आणि अधिक झाला तर बेअरिंगांवर भार येतो.

खरेदीच्या वेळी येथे व्यापाऱ्याचाच नियम लावावा. पावती नसेल, तर काम झालेले नाही असे धरावे. विक्रेता सज्जन असेल, त्याचे म्हणणे खरेही असेल, परंतु पट्ट्याला शब्द कळत नाही. पावती नसलेली गाडी घेतल्यास पट्टे, पंप आणि सील यांचा खर्च खरेदीच्या किमतीत मिळवूनच भाव ठरवावा. याशिवाय पहिल्या वर्षासाठी खरेदीच्या रकमेइतकीच रक्कम बाजूला ठेवावी. ती खर्च झाली नाही तर आनंदच आहे.

दुखणे आणि निदान

दुसरा मोठा खर्च चुकीच्या निदानाचा असतो. गाडी बंद पडली की एकेक भाग विकत आणून बदलत जाण्याचा मोह होतो. पंप बदलला, गाडी सुरू झाली नाही. कॉइल बदलली, तरीही नाही. घराच्या फडताळात सुट्या भागांचा ढीग साचतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

९४४ चा एक प्रसिद्ध दोष असा आहे. गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते आणि थंड झाल्यावर, जणू काही घडलेच नाही, अशी सुरू होते. याचे कारण बहुधा फ्यूजच्या पेटीतील एक लहानसा रिले असतो. इंजिनच्या संगणकाला आणि पेट्रोल पंपाला वीज त्याच्यातूनच जाते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याच्या आतील झाळकामाला केसाएवढी तडा जाते. गरम झाल्यावर ती उघडते आणि थंड झाल्यावर मिटते. म्हणून अनुभवी मालक एक नवा रिले नेहमी गाडीतच ठेवतात.

सुरूच न होणाऱ्या गाडीसाठी एक बिनखर्ची चाचणी आहे. स्टार्टर फिरत असताना इंजिनच्या फेऱ्या दाखविणाऱ्या काट्याकडे पाहावे. काटा किंचित हलला, तर संगणकाला वीज मिळत आहे आणि चक्राजवळील सेन्सरचा संकेतही पोहोचत आहे. मग पेट्रोल आणि ठिणगी यांकडे वळावे. काटा मुळीच हलला नाही, तर प्रथम रिले आणि त्यानंतर ते सेन्सर तपासावेत, कारण इंजिनच्या उष्णतेने त्यांच्या तारांवरील आवरण ठिसूळ होते. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धे संशयित बाजूला होतात आणि बाजारात जावेच लागत नाही.

आणखी एक उदाहरण धीराचे महत्त्व सांगते. कूलंटच्या डब्यात तेलकट, दुधाळ साय दिसली की हेड गॅस्केट गेले असे समजून मालक हबकतो. या गाडीत मात्र इंजिनच्या कुशीला बसविलेला ऑइल कूलर आहे. त्याचे रबरी सील जुने झाले की तेल कूलंटमध्ये शिरते, कारण चालत्या इंजिनात तेलाचा दाब पाण्याहून अधिक असतो. सील बदलण्याचा खर्च हेड उतरविण्याच्या मानाने फारच कमी. म्हणून हेडला हात लावण्यापूर्वी सिलिंडरांचा कॉम्प्रेशन दाब मोजावा. चारही आकडे चांगले आणि परस्परांच्या जवळपास असतील, तर प्रथम ऑइल कूलरकडे पाहावे.

घरी कोणते काम करू नये हेही ठरलेले असावे. ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड, रिले ही कामे नवशिक्यास साधतात. पट्ट्याचे काम अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली करावे. क्लचप्लेट बदलण्यासाठी मात्र सायलेन्सर, मागील गिअरबॉक्स आणि दोहोंना जोडणारी लांब नळी हलवावी लागते. हे काम लिफ्ट असलेल्या गॅरेजकडे सोपविण्यात कमीपणा नाही.

बदल कधी करावा

तरुणांना सर्वांत अधिक ओढ असते ती गाडीत बदल करण्याची. अधिक शक्ती, खाली बसविलेले स्प्रिंग, रुंद चाके. येथे कंपनीनेच घालून दिलेला धडा पाहण्यासारखा आहे. १९८५ साली पोर्शेने याच गाडीची २२० अश्वशक्तीची टर्बो आवृत्ती आणली. तेव्हा केवळ टर्बो जोडून काम भागले नाही. मोठे चार पिस्टनांचे ब्रेक दिले, गिअरबॉक्स मजबूत केला, शीतकरण वाढविले. शक्ती वाढविली की ती थांबविण्याची आणि पेलण्याची सोयही वाढवावी लागते. ज्या बदलात पहिल्या भागाचा खर्च आहे आणि दुसऱ्याचा नाही, तो बदल करूच नये.

क्रम असा ठेवावा : आधी राहिलेली देखभाल, मग दोषनिवारण आणि शेवटी बदल. चाळीस वर्षांच्या गाडीत नवे रबरी बुश, चांगले टायर, ताजे ब्रेक ऑइल आणि नीट जुळविलेली चाके एवढेच केले तरी गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारते. पुष्कळांना जो ‘बदल’ हवा असतो, तो खरे पाहता मूळ गाडीच असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. घाटात ब्रेक दाबताना पाय खोल जाण्याचे ते एक कारण आहे. म्हणून डॉट ४ प्रतीचे ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे.

कायद्याचाही विचार हवा. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल मोटारींना दर दोन वर्षांनी धूरतपासणी करावी लागते. धूर नियंत्रित करणारे भाग काढले तर गाडी तेथेच अडते. आपल्याकडे जुनी पद्मिनी अथवा मारुती ८०० हौसेने सांभाळणाऱ्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ ध्यानात ठेवावे. निर्मात्याच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल त्याने निषिद्ध आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच स्पष्ट केले आहे. केलेला बदल विमा कंपनीस न कळविल्यास अपघाताच्या वेळी दावा अडकू शकतो.

जीव प्रथम

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. घरगुती दुरुस्तीतील सर्वांत मोठा धोका गाडीखाली असतो. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी उभी करावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावावेत, गाडी उचलून मजबूत स्टँडवर टेकवावी, हाताने हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. विटा किंवा लाकडाचे ओंडके यांचा आधार कधीही घेऊ नये. एकट्याने गाडीखाली काम करू नये. घरात हाकेच्या अंतरावर कोणीतरी असावे. पेट्रोलच्या नळीचे काम करताना बॅटरीची तार काढावी आणि अग्निशामक जवळ ठेवावा. काम संपल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचनेच आवळावेत. ९४४ साठी हा आकडा १३० न्यूटन-मीटर आहे.

काढलेले जुने ऑइल गटारात अथवा मातीत ओतू नये, डब्यात भरून संकलन केंद्रावर द्यावे. कूलंट चवीला गोडसर परंतु विषारी असते. उघड्यावर सांडलेले राहिले तर कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. ते तत्काळ पुसून, भरपूर पाण्याने जागा स्वच्छ करावी.

वही कशी ठेवावी

एक साधी वही पुरे. प्रत्येक कामाची एक ओळ : तारीख, गाडीचे किलोमीटर, केलेले काम, बसविलेला भाग, खर्च आणि ते काम पुन्हा केव्हा करावयाचे ती तारीख. पावत्या त्याच वहीस जोडाव्यात. वर्षअखेर बेरीज करावी. छंदावर किती गेले हे स्वच्छ दिसले की तो छंद आवाक्यात राहतो, आणि पुढे गाडी विकावयाची वेळ आली तर हीच वही तिचा भाव राखते.

तेव्हा परदेशी असलेल्या मुलाने जुनी कूपे घेतल्याचे कळल्यास रागावू नये. फोनवर दोनच गोष्टी विचाराव्यात : पट्टा कधी बदलला आणि गाडीखाली जाताना स्टँड लावतोस ना? पहिल्याचे उत्तर तारखेसह आणि दुसऱ्याचे क्षणाचाही विलंब न लावता आले, तर निश्चिंत असावे. उत्तर चाचरत आले, तर ती दोन कामे होईपर्यंत गाडी उभीच ठेवण्यास सांगावे.