खंडेनवमीला पूजा, दिवाळीला कबाडी

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या काटोलकडे घरोघर काय दिसते? विळा, कुऱ्हाड, फावडे, सब्बल, सायकल, मोटारसायकल असे सारे धुऊनपुसून अंगणात मांडलेले असते. वर झेंडूची फुले, पुढे नारळ. मग तीन आठवडे लोटत नाहीत तोच दिवाळीची झाडलोट निघते, आणि ज्या लोखंडापुढे सबंध कुटुंबाने हात जोडले त्यातलेच एखादे कबाड्याच्या काट्यावर चढते. ह्या दोन कृत्यांतली विसंगती कोणाला टोचत नाही. मला टोचते, आणि सणाच्या दिवशी वाचकांची क्षमा मागून मी ती बोलून दाखवणार आहे.

माझा रोख विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनांकडे आहे. काटोल तालुका संत्र्याचा. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळांना वैशाखाचे ऊन झाडावरच काढावे लागते. त्या दिवसांत पाणी चुकले की कोवळी फळे गळून झाडाखाली सडा पडतो. आमच्या आजोबांनी हे पाणी मोटेने ओढले आणि बैलही थकवले, स्वतःही थकले. वडिलांनी इंजिन आणले तेव्हा कुठे बाग वाढली. पुढे विजेची मोटार आली. भारनियमनाच्या वर्षांत पुन्हा इंजिनानेच झाडे जगवली. आणि मग एके दिवशी त्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या गेल्या. माझी शाळेची फी, बहिणीचे लग्न, घरावरची कौले, हे सारे त्या इंजिनाच्या पट्ट्यावरून आमच्या घरात आले आहे. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, किलोच्या भावाने जाते आहे तोवर देऊन टाकू."

आता हे लोखंड शेतकऱ्याच्या दारी किती कष्टाने आले ते पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती आणि नांगर पडून राहिले. 1910 साली माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी निघायला 1946 साल उजाडले. मध्यंतरी, 1920 साली, त्याच घराण्याने 'किर्लोस्कर' मासिक काढले. तेव्हा साहित्याच्या अंकात हा इंजिनाचा धूर कशाला, असे कोणी विचारू नये. मराठीत ह्या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात वाढल्या आहेत. जे यायला दोन पिढ्या लागल्या, ते घालवायला कबाड्याला पाव तास पुरतो.

आमचे इंजिन लिस्टर नमुन्याचे, सहा अश्वशक्तीचे. एकच सिलिंडर, दोन बाजूंना दोन जड चाके, वजन तीन क्विंटलांवर, आणि मिनिटाला अवघे साडेसहाशे फेरे. ह्या नमुन्याचे मूळ गाव इंग्लंडातले डर्स्ली. त्याच गावात 1846 साली एडविन बडिंग नावाचा कारागीर वारला. कापडगिरणीत कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून 1830 साली त्याने हिरवळ कापण्याचे यंत्र बनवले. पुढे 1902 साली इप्सविचच्या रॅन्सम कंपनीने असे यंत्र पेट्रोलवर चालवून बाजारात आणले. आज साऊथपोर्ट शहरात ह्या गवतकाप्या यंत्रांचे संग्रहालय आहे, आणि तिथले गृहस्थ जुनी पेट्रोलची यंत्रे हौसेने विकत घेतात, उघडतात, रिंगा बदलतात आणि आपल्या अंगणातले गवत त्यांनी कापतात. बंगल्यापुढची हिरवळ सारखी करणाऱ्या यंत्राला तिथे एवढा मान! आणि ज्याने आमच्या ताटात भाकर वाढली, त्याला आम्ही भंगार म्हणतो.

मी यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. दोन उन्हाळ्यांच्या सुट्या मी गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली काढल्या. पिस्टन गंजून लायनरला धरला होता. आठ दिवस वरून रॉकेल घालून ठेवले, मग लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकत तो सोडवला. तळाशी काळा चिखल साचला होता, तो काढला. नोझल तपासून घेतले, रिंगा बदलल्या. ह्या नमुन्याचे सुटे भाग राजकोटकडे अजून बनतात, त्यामुळे अडले नाही. मी घाईने हातोडा उचलला की मिस्त्री म्हणत, "गुरुजी, इंजिन बोलते. आयकनारा पाह्यजे." आता त्यांचा हात कापतो. त्यांचे कान वारशाने कोणाला मिळणार, हा खरा प्रश्न आहे.

माझ्यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. इंजिन धूर ओकते, डिझेल महाग आहे. अगदी मान्य. ओलीत करायला आज विजेचा किंवा सौर पंपच बरा. बाग पुन्हा इंजिनावर न्या असे मी म्हणत नाही. दुसरे गृहस्थ तर इंजिन 'वाचवायलाच' आले होते. त्यांना ते सोनेरी रंग देऊन आपल्या हॉटेलच्या दारात ठेवायचे होते. मी नको म्हटले. पेंढा भरलेला वाघ दिवाणखान्यात ठेवून कोणी वाघ वाचवल्याचे मी ऐकले नाही. जे फिरत नाही, ते इंजिन नव्हे. तो लोखंडाचा पुतळा. कबाडी निदान ते वितळवून कामाला तरी लावतो.

तिसरे म्हणतात, हे मास्तरांचे जुन्याचे वेड. इथे मात्र मी भांडणार. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी यंत्रांना तोटा नाही, पण एकाही यंत्राच्या पोटात काय आहे ते मुलांनी पाहिलेले नाही. बिघडले की बदलायचे, एवढेच त्यांना माहीत. जुन्या इंजिनाचा प्रत्येक अवयव पान्याने सुटतो, डोळ्यांना दिसतो आणि परत जागेवर बसतो. हवा कशी दाबली जाते, त्या दाबाने ती कशी तापते आणि डिझेल ठिणगीवाचून कसे पेटते, हे फळ्यावर तास घालवून मला जे समजावता येत नाही ते इंजिन एका फेऱ्यात समजावते. ज्या वस्तूला आपण उघडू शकत नाही तिचे आपण मालक कसले? आपण फक्त तिची किंमत भरलेली असते.

म्हणून ह्या दिवाळीत माझे मागणे थोडके आहे. कबाड्याला हाक मारण्याआधी गावातल्या जुन्या मिस्त्रीला हाक मारा. तो सांगेल ते मुलांच्या वहीत उतरवून घ्या. आणि वर्षातून एकदा तरी ते यंत्र चालवा.

यंदा खंडेनवमीला आम्ही आधी इंजिन चालू केले, फुले मागाहून वाहिली. मिस्त्री बाजेवर बसून होते. माझी पुतणी हँडलाला लागली. त्यांनी तिला अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला सांगितले, नाहीतर इंजिन उलटले तर हात मोडतो. मी वरची खिटी उचलून धरली, चाकांनी वेग घेतला, मिस्त्री म्हणाले, "सोडा!" खिटी खाली आली. एक धक्का, निळसर धुराचा लोट, आणि मग ती जुनी संथ धकधक साऱ्या वावरात भरली. धाकटा भाऊ काही बोलला नाही. थोड्या वेळाने तो घरात गेला आणि डिझेलचा डबा घेऊन आला.