भुतांचे काय करायचे? – हॅलोविन, नरकचतुर्दशी आणि काळा विनोद

2024 साली 31 ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. पहाटे अंगाला उटणे लावून, पायाखाली कारीट चिरडून झाले, आणि त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या काही विद्यार्थ्यांनी तोंडाला पांढरा रंग फासून हॅलोविन साजरा केला. दोन पंचांगांची अशी गाठ क्वचितच पडते. तिच्यावरून जो वाद झाला तो मात्र दरवर्षीचाच होता. एक पक्ष म्हणाला, ही आपली संस्कृती नव्हे, हे थेर बंद करा. दुसरा म्हणाला, जग जवळ आले आहे, मुलांना मजा करू द्या. मग कोणीतरी मध्यममार्ग काढला: मुखवटे नकोत, भयपटही नकोत, त्याऐवजी 'डार्क कॉमेडी' बघा. यादीही तयार होती. 'बीटलज्यूस' (1988), 'शॉन ऑफ द डेड' (2004), 'हॅरोल्ड अँड मॉड' (1971), आणि जरा गंभीर प्रकृतीच्या मंडळींसाठी कुब्रिकचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (1964).

या तिन्ही पक्षांशी आमचे भांडण आहे. तिसऱ्याशी सर्वांत जास्त, कारण तो आमच्या सर्वांत जवळचा आहे.

आधी संस्कृतिरक्षकांविषयी. भूत, मरण आणि अंधार यांच्याशी 'आपल्या' सणांचा संबंध नाही, असे म्हणणाऱ्यांनी दिवाळी नीट पाहिलेली नसावी. धनत्रयोदशीला आपण यमासाठी दिवा लावतो. त्या दिव्याची ज्योत दक्षिणेकडे असते. नरकचतुर्दशीच्या विधींत यमतर्पण सांगितलेले आहे. त्याआधी महिनाभर सर्वपित्री अमावस्येला घरातल्या सगळ्या मृतांना जेवायला बोलावून झालेले असते. फराळाच्या ताटाशेजारी मृत्यूला जागा देणारा हा सण आहे.

राहिले भूत. आमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. विठ्ठलालाच पंढरीचे भूत ठरवून, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला झपाटते, तिकडे गेलेला परत येत नाही, असा इशारा देणारा तुकोबांचा अभंग आहे. एकनाथांच्या भारुडांतही हे भुताचे रूपक येते. ज्या परंपरेने परब्रह्माला भूत म्हणण्याइतका विनोद पचवला, तिच्या नावाने आज मुलांच्या मुखवट्यांवर बंदी मागितली जावी, यात रक्षण कसले आणि कोणाचे? आमच्या मते ती परंपरेची विस्मृती आहे.

आता 'मजा करू द्या' म्हणणारे. त्यांना आमचे एकच विचारणे आहे: भीती कशाची? हॅलोविन हा मुळात सर्व संतांच्या सणाची, म्हणजे 1 नोव्हेंबरची, पूर्वसंध्या. 2 नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस येतो. गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती कुटुंबे त्या दिवशी कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्यात मृताचे नाव असते, नाते असते. दुकानांत टांगलेल्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याला नाव नाही. तो कोणाचाच कोणी लागत नाही, म्हणून त्याची भीतीही वाटत नाही आणि त्याला पाहून खरे हसूही येत नाही. सण परका आहे ही आमची तक्रार नाही. ज्या रूपात तो आपल्याकडे आला त्यात मरणच नाही, ही आमची तक्रार आहे.

आणि म्हणूनच तिसऱ्या पक्षाशी, यादी करणाऱ्यांशी, आम्हांला जास्त बोलायचे आहे. यादीतले चित्रपट वाईट नाहीत. काही तर उत्तम आहेत. परंतु 'काळा विनोद' हा हॅलोविनचा सौम्य पर्याय आहे, भयपट सोसत नसेल त्याने घ्यावयाची पातळ मात्रा आहे, ही समजूत मुळातच चुकीची आहे. आंद्रे ब्रेतोंने 1940 साली काळ्या विनोदाचे संकलन केले तेव्हा त्याचा आरंभ जोनाथन स्विफ्टपासून केला. आयर्लंडमधील गरिबांनी आपली मुले श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत, असा 'विनम्र प्रस्ताव' स्विफ्टने 1729 साली मांडला होता. त्या प्रस्तावात भूत नाही, हडळ नाही. हिशेब आहे. वाचक हसतो, आणि हसताना आपण कोणाच्या बाजूने हसलो हे त्याला कळते. काळ्या विनोदाचे काम एवढेच, आणि ते भयपटापेक्षा अधिक कठोर आहे.

या कसोटीवर आपल्याकडील लोकप्रिय भूतविनोदही वेगळा काढावा लागतो. 'एक डाव भुताचा' (1982) आम्हांला प्रिय आहे. त्याचे लेखक द. मा. मिरासदार आमच्या जिल्ह्यातले, अकलूजचे. त्यांच्या एका कथेचे 'भुताचा जन्म' हे नावच सांगून जाते की भूत असते ते जन्माला घातलेले असते. 'झपाटलेला' (1993) मधला तात्या विंचू दोन पिढ्यांच्या बोलण्यात आहे. त्याची कल्पना अमेरिकेतील 'चाइल्ड्स प्ले' (1988) या चित्रपटावरून आली, तरी तो मराठी होऊन बसला. हिंदीत 'स्त्री' (2018) आणि 'मुंज्या' (2024) यांनी ही वाट हमरस्ता केली. या साऱ्यांत हसू हे भीतीवरचा उतारा आहे: भूत घाबरवते, विनोद सोडवतो, प्रेक्षक हलका होऊन घरी जातो. काळा विनोद प्रेक्षकाला हलका होऊ देत नाही. हे दोन प्रकार एकाच शीर्षकाखाली कोंबले की दुसऱ्याचा दात निघून जातो.

मग आमची यादी? आहे, आणि ती घरचीच आहे.

'नारबाची वाडी' (2013) घ्या. मनोज मित्र यांच्या 'साजानो बागान' या बंगाली नाटकाचे हे कोकणातील रूप. तपन सिन्हांनी 1980 साली त्यावरून 'बांछारामेर बागान' केला होता. म्हातारा नारोबा आपली नारळी-पोफळीची वाडी खोताला देत नाही. शेवटी सौदा ठरतो: खोताने त्याला मरेपर्यंत दरमहा पैसे द्यायचे, तो मेल्यावर वाडी खोताची. आणि म्हातारा मरतच नाही, उलट सुधारतो. दिलीप प्रभावळकरांचा नारोबा दिवसेंदिवस टवटवीत होत जातो, तसतसा खोत खंगत जातो. येथे भुताची गरजच उरत नाही. एक माणूस दुसऱ्याच्या मरणाची तारीख मोजत बसला आहे, याहून भयंकर दृश्य कोणते? आणि आपण तर खो खो हसत असतो. जमिनीच्या व्यवहारांत म्हाताऱ्यांची किंमत कशी ठरते, हे ज्याने आपल्या गावात पाहिले आहे त्याला हे हसू महागात पडते.

'कारखानीसांची वारी' तर आमच्याच रस्त्यावरची. 2020 साली टोकियोच्या चित्रपट महोत्सवात प्रथम दाखवलेल्या मंगेश जोशी यांच्या या चित्रपटात पुण्यातील एक एकत्र कुटुंब थोरल्याच्या अस्थी घेऊन पंढरपूरच्या वाटेला लागते. शीर्षकातील 'वारी' हा शब्दच पुरेसा बोचरा आहे. ज्या वाटेवर लाखो लोक 'मी' विसरण्यासाठी चालतात, त्याच दिशेने एक गाडी हेवेदावे, हिशेब आणि हक्क भरून निघालेली आहे. अस्थी त्या सामानातली एक वस्तू. दहाव्या-तेराव्याला आलेल्या नातेवाइकांची कुजबुज ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे कुटुंब परके वाटणार नाही.

हिंदीतला एकच सांगतो, कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारो' (1983). त्यातले प्रेत चाकांवर धावते, महाभारताच्या रंगमंचावर उभे राहते आणि सगळे त्याला आपापल्या सोयीने ओढतात. ते प्रेत कोणा भुताचे नाही. महापालिकेच्या आयुक्ताचे आहे. शेवटी खरे बोलू पाहणारे दोघेच कैद्यांच्या कपड्यांत रस्त्याने चालत येतात. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो शेवट पाहताना सभागृहात टाळी वाजत नाही.

आणि ही सारी आयात आहे, पाश्चात्त्य 'ब्लॅक कॉमेडी'ची नक्कल आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' (1974) वाचावे. भाऊराव हा कीर्तनकार मेलेला आहे आणि स्वतःच्या मरणाचे आख्यान स्वतःच लावतो. नव्या व्यवस्थेने जुने स्मशान बंद केले आहे. याला मात्र तेथेच जळायचे आहे. प्रेताचा हट्ट कीर्तनाच्या चालीवर गायला जातो. या नाटकाचे बीज परदेशात शोधण्याची गरज नाही. आपल्या मरणाकडे साक्षीभावाने पाहणारे तुकोबा आणि चाळीतला बाप यांच्यामध्ये ते उभे आहे.

आता सर्वांत अवघड उदाहरण. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009). विदर्भातील एका गावात शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो. किसनाच्या बायकोला धसका बसतो की आता आपला नवरा. ती त्याला एकटे सोडत नाही. लहानग्या मुलाला बापाच्या मागावर लावते, गोडधोड करून घालते. किसनाला बिचाऱ्याला कळत नाही की घरात अचानक आपले एवढे लाड का. या गैरसमजातून विनोद निर्माण होतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर विनोद!

येथे आमच्यातही मतभेद होता, तो लपवत नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते की हा चित्रपट वर्गात दाखवू नये. आमचा जिल्हा ऊस आणि दुष्काळ यांच्यामध्ये विभागलेला आहे. समोर बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरात काय घडले आहे ते आपल्याला ठाऊक नसते. हा आक्षेप खरा होता. आम्ही आधी सर्वांना विषय सांगितला, ज्याला यायचे नसेल त्याने येऊ नये असे सांगितले, आणि मग दाखवला. पोरगा बापाच्या पाठोपाठ शेतात जातो तेव्हा वर्ग हसला. थोड्या वेळाने हसू थांबले. नंतर मंगळवेढ्याकडचा एक विद्यार्थी थांबून राहिला. म्हणाला, "सर, आमच्याकडं आजी फवारणीचं औषध कुलपात ठेवायची आणि किल्ली कमरेला लावायची. वडलांना माहीत होतं. ते तिची चेष्टा करायचे. आम्ही पण हसायचो." जरा थांबून म्हणाला, "हे असं कुणी सांगितलं नव्हतं, की यावर पिक्चर होऊ शकतो."

त्याच्या घरातले हसू हा निर्दयपणा नव्हता. भीतीसोबत एका छपराखाली राहण्याची ती रीत होती. आत्महत्याग्रस्त शेतकरी या विषयावर आम्ही त्याला तोवर जे जे वाचायला दिले होते, त्यात हळहळ होती, आकडे होते, आवेश होता. त्याची आजी कोठेच नव्हती. ती त्याला या चित्रपटात भेटली.

म्हणूनच आमची खरी तक्रार हॅलोविनवाल्यांपेक्षा आमच्याच बिरादरीशी आहे. मराठीच्या वर्गात आपण हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस म्हणून शिकवतो, रसविरोधाची कोष्टके पाठ करून घेतो, आणि विनोदी साहित्य म्हणजे परीक्षेच्या दृष्टीने सोपा घटक अशी समजूत मुलांच्या मनात रुजवतो. मग मरणाविषयी लिहायचे झाले की आपला विद्यार्थी एकाच सुरात लिहितो: गहिवरलेल्या. त्याच्या घरी, त्याच्या भावकीत, स्मशानातून परतताना पारावर माणसे ज्या भाषेत बोलतात ती भाषा साहित्यात चालते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मग तो एक तर गहिवर लिहितो किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा विकत आणतो. दोन्हींत त्याचे स्वतःचे मरण, म्हणजे त्याच्या माणसांचे मरण, येत नाही.

काळा विनोद सर्वत्र चालतो असे आमचे म्हणणे नाही. दुर्बळाच्या दुःखावर बाहेरून हसणे आणि त्या दुःखाच्या आत राहून हसणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर ओळखायला शिकवणे हेच तर समीक्षेचे काम. 'गाभ्रीचा पाऊस' किसनाला हसत नाही. जीव वाचवण्याची सारी जबाबदारी एका बाईच्या पुरणपोळीवर आणि एका पोराच्या पाळतीवर येऊन पडावी, या व्यवस्थेला तो हसतो. हे ज्याला वर्गात दाखवून देता येत नाही, त्याने तो दाखवू नये हे आम्हांलाही मान्य.

तेव्हा यंदा दिवाळीच्या सुटीआधी आमचा बेत असा: पहिल्या दिवशी 'नारबाची वाडी', दुसऱ्या दिवशी 'कारखानीसांची वारी', तिसऱ्या दिवशी 'महानिर्वाण'चे सामूहिक वाचन, आणि शेवटी, पूर्वसूचना देऊन, 'गाभ्रीचा पाऊस'. मुखवटे लावून यायचे असेल त्याने खुशाल यावे. दारात कोणी अडवणार नाही. अट एकच. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एक पान लिहून आणायचे: आपल्या घरात मरणावरून कोण, केव्हा आणि का हसले होते. त्या मुलाने आजीच्या किल्लीविषयी लिहायचे कबूल केले आहे.