चार महिन्यांचं युद्ध, पन्नास वर्षांचं नळकाम

या सदराच्या वाचकांची एक ठरलेली मागणी असते: शंभरी ओलांडलेला माणूस काय खायचा, किती वाजता उठायचा, ते सांगा. हॅरी पॅच यांच्याबाबतीत मी ती पुरी करणार नाही. 25 जुलै 2009 रोजी, वयाला 111 वर्षं पूर्ण झाल्यावर ते गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची एकच ओळख दिली: पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या खंदकांत लढलेला, हयात असलेला शेवटचा सैनिक. ओळख खरी होती. पण खंदकांत ते होते जेमतेम चार महिने, 1917च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत. बाकीच्या शतकभरात हा माणूस काय करत होता?

नळ जोडत होता. इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये, बाथ शहराजवळच्या कूम डाउन गावी 1898 मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील पाथरवट. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि प्लंबरच्या हाताखाली उमेदवारी सुरू झाली. थोरला भाऊ पलटणीत होता, माँसच्या लढाईत जखमी झाला होता. खंदकांत काय चालतं हे त्याच्याच तोंडून ऐकलं असल्यामुळे हॅरींना लढाईची हौस अजिबात नव्हती. 1916 मध्ये सक्तीच्या भरतीत ओढले गेले, म्हणून गेले. परत आल्यावर पुन्हा तेच काम. ब्रिस्टल विद्यापीठाची विल्स मेमोरियल ही इमारत तेव्हा उभी राहत होती. तिच्या 215 फुटी मनोऱ्याच्या कामावर ते होते, आणि 1925 मध्ये राजे पाचवे जॉर्ज उद्घाटनाला आले तेव्हा हजरही होते. दुसऱ्या महायुद्धात वय चाळिशीपार गेल्याने भरती टळली, पण ते बाथच्या अग्निशमन दलात गेले. एप्रिल 1942 मध्ये त्या शहरावर बॉम्ब पडले आणि चारशेहून अधिक माणसं मेली, तेव्हा विझवणाऱ्यांत तेही होते. पुढे स्ट्रीट गावात नळकामाचा व्यवसाय सांभाळून पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले.

इथेच थांबून ‘कष्टाळू, चर्चला जाणारा, देशासाठी लढलेला’ असा हार घालता आला असता. पॅच तो गळ्यात पडू देत नाहीत.

चर्चचंच घ्या. युद्धावरून आल्यावर ते गावच्या चर्चमध्ये गायकवृंदात जाऊ लागले. मृत्युलेख लिहिणाऱ्याला लगेच ‘धर्मनिष्ठ’ हा शब्द सुचतो. पण त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय, की चर्चवरची श्रद्धा आघाडीवरच मोडली होती. ती परत मिळेल या आशेने गायला गेलो, ती मिळाली नाही, पण गाणं आवडायचं आणि मित्र तिथे होते म्हणून जात राहिलो. आपल्याकडच्या भजनी मंडळांत बसणाऱ्या कित्येकांना हे मनोमन पटेल, बोलणार मात्र कुणी नाही.

श्रद्धा कुठे मोडली, तेही त्यांनी सांगितलंय. बेल्जियममधल्या लांगेमार्कच्या चढाईत जखमींसाठी थांबायचं नाही असा हुकूम होता. वाटेत पडलेली माणसं मदत मागत होती आणि हे पुढे चालले होते. वाटेत पडलेल्या जखमीला थांबून मदत करणाऱ्या, बायबलातल्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. आपण तो शोमरोनी नव्हतो, टाकून जाणाऱ्यांतले होतो, असं ते म्हणत. एका कॉर्निश जवानाचं अंग खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलं होतं. मला गोळी घाल, म्हणाला. पिस्तूल काढायच्या आत तो ‘आई’ म्हणून गेला. त्या हाकेत पॅच यांना वेदना ऐकू आली नाही. कुणी भेटल्याचा आनंद ऐकू आला. मृत्यू हा शेवट नाही, ही खात्री त्यांना त्या क्षणी झाली आणि ती कायम राहिली. म्हणजे चर्चवरचा विश्वास गेला आणि परलोकावरचा बसला, दोन्ही एकाच रणांगणावर. याला आस्तिक म्हणायचं की नास्तिक, ते ज्याने त्याने ठरवावं. मला ते ठरवण्याची घाई नाही.

22 सप्टेंबर 1917च्या रात्री तोफगोळा फुटला. त्यांच्या मशीनगनच्या पाच जणांच्या तुकडीतले तिघे गेले. पॅच यांच्या पोटाखाली घुसलेला तुकडा भूल न देता काढला, चौघांनी धरून ठेवलं होतं. त्यानंतर ऐंशी वर्षं ते यावर बोलले नाहीत. सुमारे साठ वर्षं संसार केलेल्या बायकोशीसुद्धा नाही. शंभरीला आले तेव्हा माहितीपट करणारे लोक शोधत आले, तेव्हा कुठे तोंड उघडलं. वृद्धाश्रमात खोलीसमोरच्या चादरींच्या कपाटाचा दिवा कुणी लावला, की अर्धवट झोपेत त्यांना त्या गोळ्याचा झोत दिसायचा. सरकारी स्मृतिदिन 11 नोव्हेंबरचा. त्याचं त्यांना कौतुक नव्हतं. त्यांचा दिवस 22 सप्टेंबर. तेव्हा ‘चार महिनेच तर होते’ हा माझा हिशेब कागदावर बरोबर असला, तरी त्यांच्या झोपेला तो लागू नव्हता.

बोलायला लागल्यावर मात्र त्यांनी काही राखून ठेवलं नाही. 2004 मध्ये ते शार्ल कुएन्ट्झ यांना भेटले. हे अल्सेसचे, त्याच आघाडीवर जर्मन बाजूने लढलेले, तेव्हा 107 वर्षांचे. कुएन्ट्झ यांनी बिस्किटं आणली होती, पॅच यांनी सॉमरसेटची सायडर.

आपल्याकडे साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. तिथले 46 जण याच पहिल्या महायुद्धात गेले. जे परतले ते औताला लागले असणार. त्यांना शंभराव्या वर्षी विचारायला कुणी आलं नाही, आणि त्यांची झोप कशी होती हे आता कळायला मार्ग नाही.

पॅच यांना सरकारी इतमामाचा अंत्यविधी नको होता. वेल्स कॅथेड्रलमधल्या प्रार्थनेला बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचे सैनिकही होते. शोभेचंसुद्धा शस्त्र आणायचं नाही, ही अट त्यांचीच. फ्रान्सने लिजन ऑफ ऑनर दिलं ते अर्थात युद्धासाठी. मला जास्त आवडतो तो ब्रिस्टल विद्यापीठाने केलेला मान. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या या प्लंबरला विद्यापीठाने 2005 मध्ये मानद एम. ए. दिली, आणि मनोऱ्याची दुरुस्ती झाल्यावर 2008च्या फेब्रुवारीत उद्घाटनाला त्यांनाच बोलावलं. तो बांधणाऱ्या कामगारांपैकी तेवढे एकटेच उरले होते.